लाल कबुतरीचा खटला

३ मार्च
रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडून फौजदारी कायद्याचं पुस्तक घेतलं. शेवटची पानं फाटलीत. चालेल, मुद्दा सुरुवातीलाच असतो. रोज दहा पानं वाचायची. गुन्ह्याला दोन गोष्टी लागतात: कृत्य आणि वाईट हेतू. एक नसेल तर गुन्हा नाही. लगेच समजलं. सहावीतून काढलं नसतं तर आज वकील असतो.

५ मार्च, दुपार
समोरच्या गच्चीवरच्या उस्ता दसूकीची, म्हणजे गॅरेजवाल्याची, लाल कबुतरी माझ्या खुराड्यात आली. मी फक्त शीळ घातली. थोडे दाणे दाखवले. दार वाऱ्याने लागलं. कृत्य तिचं, हेतू वाऱ्याचा. मी निर्दोष.
तफीदा म्हणाली, "अहो, कडीपण वाऱ्यानेच घातली का?" बायकोची साक्ष धरत नाहीत, असं कुठेतरी असणारच.
आमच्या इम्बाबा मोहल्ल्यात गच्च्यांवरची रीत अशी की जो पकडेल त्याचं कबुतर. पण पुस्तकात या रीतीचं नावही नाही. आणि पुस्तक छापील आहे. काळजी वाटते.
माझा काळा नर मात्र तिच्याभोवती घुमतोय.

७ मार्च
कहवाखान्यात दसूकी सगळ्यांसमोर म्हणाला, "काय हाजी, पाहुणी आलीय म्हणे!" मी ठणकावलं, सिद्ध करायची जबाबदारी तुझी. सगळे हसले. रक्तदाब वाढला.

८ मार्च
पान ४१: आरोपीला गप्प राहायचा हक्क आहे. आजपासून कडक मौन. तफीदाने विचारलं, जेवायला वाढू का? गप्प राहिलो. तिने मसुराचं सूप शेजारी देऊन टाकलं.

१० मार्च, सकाळी ११
दारात हवालदार. त्याने तोंड उघडायच्या आत सगळं सांगून टाकलं: शीळ, दाणे, कडी. तो तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचं दार विचारायला आला होता.
म्हणाला, "हाजी, चोरी कबूल केलीत. आता पाखरू परत द्या, मला कागद काळे करायला लावू नका."
दसूकीला बोलावलं. त्याने कपाळावर हात मारला. "अहो हाजी, पकडलीत तेव्हाच ती तुमची झाली! मी तर त्या दिवशी अभिनंदन करत होतो."
हवालदार हटेना. कबुतरी गेली.

११ मार्च, संध्याकाळ
थवा उडवला. काळा नर तिच्यामागे थेट दसूकीच्या खुराड्यात शिरला. दसूकीने शीळही घातली नव्हती. रीतीप्रमाणे आता तो त्याचा.
तफीदा म्हणाली, "बघा तुमच्या पुस्तकात." बघितलं. ज्याची वस्तू गेली त्याने काय करावं, हे बहुतेक शेवटच्या पानांत असावं.