सहावं काडतूस

प्रिय फेनिया,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. आधीच सांगते, मी रागावलेली नाही. रागवायला अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा जोर सध्या तुझ्या बाबांपायी खर्च होतोय. होडी रंगवून झाली, जाळी शिवून झाली, महिनाअखेर ते साल्मन माशांच्या तळावर निघतील. एकटे, आणि रिकाम्या कमरेनं. मकारला पुरलं त्या दिवशी त्यांनी आपलं जुनं रिव्हॉल्व्हर खाडीत भिरकावलं, ते तुला ठाऊक नसेल. तू तोवर परतीच्या विमानात बसली होतीस. मी म्हटलं, अहो, नदीच्या तोंडाशी अस्वलं तुमच्या आधी येऊन बसतात, दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले असताना काय करणार? तर म्हणाले, "जे व्हायचं ते होऊ दे." एक मूल मातीत घातलेल्या बाईला हे ऐकवतात!

मग मीच गेले शहरात, नेस्टरच्या दुकानात. जन्मात मी मासे कापायच्या सुरीपलीकडे हत्यार विकत घेतलेलं नाही. नेस्टरनं विचारलं, "वहिनी, रिव्हॉल्व्हर कशासाठी हवंय?" म्हटलं, "लग्नात मिरवायला." तो हसला, आणि मग मकार आठवला असावा, मान खाली घालून उगाच काच पुसत राहिला. एक पिटुकलं मी उचललं तर म्हणाला, त्यानं अस्वलाला गुदगुल्या होतील फक्त. मग काडतुसांचं समजावू लागला. पोकळ टोकाची गोळी आत शिरून फुलते आणि खांद्याच्या हाडाशीच थांबते, तेव्हा आपल्याला हवी ती कडक शिशाची, सपाट तोंडाची, जड गोळी. हे मला कोण शिकवणार? बाबांनी तीस वर्षं माझ्याच चुलीवर शिसं वितळवून गोळ्या ओतल्या. माझं चांगलं पातेलं त्यापायी गेलं, तू आणि मकार त्याला 'बाबांचं सूप' म्हणायचात.

काचेखाली तसलंच एक होतं गं. राखाडी, हलकं, तू मकारला पाठवलंस तसलं. मी काचेवर हात टेकला. नेस्टरनं स्टूल दिलं. मला मकारची ती चिडचिड आठवली, "आई, बाबांचं ते धूड बांधलं की पँट खाली येते!" म्हणायचा आणि रिव्हॉल्व्हर होडीत ठेवून नुसताच बेरी खुडायला डोंगरावर जायचा. आम्ही दोघं रोज बघत होतो आणि रोज ओरडत होतो. होडीत राहिलेलं हत्यार काय कामाचं, हे तुला तिकडे अँकरेजमध्ये बसून कळलं आणि तू हलकं पाठवलंस. त्यानं ते शेवटच्या दिवसापर्यंत कमरेवरून काढलं नाही. झोपतानाही उशाशी घ्यायचा वेडा.

आणि त्यात भरली बाबांची काडतुसं. आपल्या बेटावर दुसरं कोण काय भरणार? 'येफिमच्या हातचं' म्हटलं की लोक तुझ्या बाबांचं काडतूस डोळे मिटून घेतात. नव्या रिव्हॉल्व्हरला नवी काडतुसं लावली की पाच झाडायची आणि सहावं काढून बघायचं, ही रीत बाबांनीच सगळ्यांना शिकवली. पण बाबांच्या काडतुसांची परीक्षा? मकारनं डब्यावर दोन बार काढले, उरलेली "अस्वलासाठी ठेवतो" म्हणाला. पुढे डोंगरावर अस्वल अंगावर आलं तेव्हाही तेच झालं. दोन बार सुटले, आणि तिसऱ्याला काडतुसांचं चक्र फिरेना.

का फिरलं नाही ते मला आजवर कोणी नीट सांगितलं नव्हतं. तू पळालीस आणि बाबा मुके झाले, विचारू कुणाला? नेस्टरनं हातात देऊन दाखवलं. रिव्हॉल्व्हर हलकं आणि गोळी जड असली की झटका असा बसतो, की चक्रात बाकी राहिलेल्या काडतुसांच्या गोळ्या आपल्या पितळी कवचातून पुढे सरकतात. पुढे आलेलं टोक अडकतं, आणि सगळंच अडतं. बाबांच्या वजनदार रिव्हॉल्व्हरमध्ये त्याच गोळ्या तीस वर्षांत तसूभर हलल्या नाहीत. कारखान्याची बेताची काडतुसं भरली असती तर तुझं हलकंही चाललं असतं. तुझं रिव्हॉल्व्हर चांगलं होतं, पोरी. त्यांची काडतुसंही चांगली होती. दोघांनी मायेनंच दिलं, आणि त्या दोन गोष्टींचं एकमेकींशी जमलं नाही. मी दुकानात सगळ्यांसमोर रडले. लाज वाटली नाही.

नेस्टरनं दोन रिव्हॉल्व्हरं बाजूला काढून ठेवलीत. दोन्ही चव्वेचाळीस कॅलिबरची, पोलादी. एक लांब नळीचं, धूडच, पण झटका निम्मा. दुसरं आखूड, कमरेला सोसेल असं, पण मनगट झिणझिणतं. दुकानामागच्या मैदानात मी दोन्हींतून पाच-पाच बार काढले. हो, मी! तळहात अजून निळा आहे. दोन्हींतलं सहावं काढून नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहिलं. केसभरही हललेलं नव्हतं. ती दोन्ही सहावी मी रुमालात बांधून घरी आणली.

बाबा गच्चीखाली, आपल्या कार्यशाळेत बसले होते. कार्यशाळेतलं त्यांचं काय उरलंय, सांगू? मकार गेल्यापासून त्यांनी स्वतःच्या हातची सगळी काडतुसं एकेक करून उकलली, बंदुकीची दारू मातीत सांडली. वाफ घ्यायला बान्या तापवत नाहीत, मासा-भात भरून पिरोक भाजला तर कड तेवढी खातात. त्यांना वाटतं तू त्यांचं तोंड बघायचं नाही म्हणून येत नाहीस. आणि तुला वाटतं ते तुला दोष देतात. एका घरातली दोन खुळी माणसं, आणि मी मधे. मी रुमाल त्यांच्या मांडीवर सोडला. नेस्टरनं सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी एकेक काडतूस उजेडात धरलं, कवचाच्या तोंडावरून अंगठा फिरवला, खूप वेळ फिरवत राहिले. मी म्हटलं, "दोन्ही टिकतात. आता लांब घेऊ की आखूड, तेवढं तरी बोला."

तेव्हा ते बोलले, फेनिया. म्हणाले, "मला काय विचारतेस? फेनियाला विचार. पोराला ओझं होत होतं, हे या घरात तिला एकटीलाच दिसलं. ती निवडेल ते मी बांधीन." एवढं बोलून तोंड फिरवून बसले, पण खांदे हलत होते. म्हणून हे पत्र. फोनवर 'आखूड घे' म्हणून सुटू नकोस, मी ऐकणार नाही. अँकरेजचं विमान शहरातच उतरतं, तिथून नेस्टरचं दुकान चालत जाण्याइतकं. तूच हातात घेऊन बघ, तूच निवड, आणि होडी निघायच्या आधी येऊन त्यांच्या कमरेला बांध. दुसऱ्या कुणाच्या हातून ते बांधून घेणार नाहीत.

वाट बघणारी, तुझीच,
आई