जवारीच्या गादीची व्यवस्था

मी, धोंडिराम हंबीरराव सुतार, वय ६९, धंदा तंबोरे करणे, मूळ गाव आटपाडी, हल्ली मुक्काम मिरज, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने लिहून ठेवतो. शुक्रवारी माझी छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. छाती त्यांची नाही, म्हणून म्हणतात. मी फार घाबरलो आहे. अक्षर थरथरते आहे ते त्यामुळे, डोके फिरल्यामुळे नव्हे, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी येसूबाई हिला हयातभर, तिच्यामागे मुलगा जयराज याला. घर विकायचा विषय तिच्यासमोर काढू नये.

कलम २. धाकटा भाऊ शंभूराज माझा रंधा घेऊन गेला, त्याला सत्तावीस वर्षे झाली. तो त्याच्याकडेच राहू द्यावा. मात्र माझ्या दिवसांना आल्यावर, रंधा विकत घेतला होता, असे त्याने पाहुण्यांत सांगू नये.

कलम ३. साताऱ्याच्या गाणे शिकवणाऱ्या क्रांतीबाई यांच्या तंबोऱ्याच्या गवसणीत दोन वर्षांपूर्वी एक जाड इंग्रजी पुस्तक राहून गेले. ते माफी मागून परत करावे. विलायतेकडच्या गेल्या शंभर वर्षांच्या संगीताचा तो इतिहास आहे. मी जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून तारेला गुंजन आणायला बसलो की सून अक्षता रोज दुपारी त्यातले एक पान मराठीत करून सांगायची. तिकडच्या काही लोकांनी सा सोडून दिला, बाराही सूर सारखे मानले, हे ऐकले आणि माझ्या हातातली कानस थांबली.

“आबा, मोबाईलवर हाय की ह्ये. लावू का?” ती म्हणाली.

“नगं गं. कान बिघडंल माजा.”

पन्नास वर्षे मी सा लावून पोट भरले. सा नसलेले गाणे कानात शिरले तर तो पुन्हा सापडायचा नाही, असे वाटले. म्हणून पुस्तक संपेपर्यंत त्यातला एक सूर ऐकला नाही. मैफलीत झालेली मारामारी, पियानोच्या तारांत स्क्रू अडकवणारा माणूस, सगळे मला वाचनानेच ठाऊक.

कलम ४. हे लिहायला जड जाते. त्या भीतीचे कारण मी अर्धेच सांगितले होते. कान आधीच चालला होता, उरलेला जपायचा होता. गेल्या दिवाळीत, मी काम संपवून झाकून ठेवलेल्या तंबोऱ्याच्या घोडीवर ताजी पूड दिसली. मी जेवायला गेलो की अक्षता माझी जवारी पुन्हा काढत होती. गिऱ्हाईक वाहवा माझी करत होते. मी तिला विचारले नाही, तिने सांगितले नाही. जवारी काढायला बसायची खिडकीजवळची गादी सुटली तर आपण कोण, या धास्तीने मी गप्प बसलो. याची मला लाज वाटते.

कलम ५. जवारीची गादी, सर्व कानशी व दुकान अक्षताला. जयराज काल म्हणाला, “आवं आबा, बाई गादीवर बसल्यावर गिऱ्हाईक येतंय व्हय?” जयराज, येते आहे, निदान गेल्या दिवाळीपासून. तंबोऱ्याचा भोपळा घडवण्याचे तुझे काम माझ्याहून सरस आहे, ते तूच करावेस. पण कान तिला आहे.

कलम ६. आज दुपारी अक्षताला म्हटले, मोबाईलवर ते सा नसलेले गाणे लाव. अकरा मिनिटे चालले. मी सा शोधत राहिलो, तो आला नाही. येसूबाईचा हात घट्ट धरला. जयराज बंद करायला उठला, मी त्याला खाली बसवले. धरायला काही नसताना ते सूर पुढे जात होते. शुक्रवारी मलाही तसेच जायचे आहे. संपल्यावर मी म्हणालो, “पुन्यांदा लाव.”

वकील सांगतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. मी परत आलो तर काय, हा प्रश्न उरतो. म्हणून कलम ५ मी जगण्यामरण्याची वाट न बघता आत्तापासून लागू करतो. ही सही मी गादीवरून उठून, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून केली आहे.

सही: धोंडिराम हंबीरराव सुतार
साक्षीदार: १) विश्वजीत तात्याबा माळी २) मनुबाई नानासो कोष्टी
(दोघांसमक्ष सही झाली. त्या वेळी गादीवर अक्षता बसली होती.)
मिरज, ११ जून २०२५