जांभा नव्हे, वाळूचा दगड

बुसैतीन, बहारीन, शुक्रवार

तीर्थस्वरूप मालूआत्या,

सुतक अजून फिटलेलं नाही, म्हणून नमस्कार राखून ठेवला आहे. गुडघे कसे आहेत? बाबा गेल्यापासून 'जमिनीवर झोपतोस ना?' असं मला विचारता, पण तुम्ही स्वतः जमिनीवर बसू नका.

मी फारसा बोलत नाही, म्हणून लिहितो. तुमच्या लीनाच्या यजमानांचा, विवेकरावांचा, मला भयंकर राग आला आहे.

इथल्या स्मशानात मडकं फोडायला उचललेला जीवखडा दहाव्यापर्यंत जपायचा, घरात आणायचा नाही, हरवला तर सगळे विधी पुन्हा, असं तुम्हीच बजावलंत. माझ्या खोलीला गॅलरी नाही, म्हणून तो लीनाकडे अमवाजला ठेवला. विवेकरावांना फरशीवर तांबूस डाग दिसला. (डाग त्यांच्याच कुंडीचा होता.) त्यांनी खडा खाली बागेत, शोभेच्या लाल दगडांत नेऊन टाकला. वर मला म्हणतात, "जांभा आहे रे तो. रत्नागिरीच्या माणसाला जांभा शिकवतोस?" आत्या, बहारीनमध्ये जांभा! (उद्या टोमॅटोलाही म्हणतील.)

मी बांधकामाची वाळू तपासतो, मला एवढं कळतं. जांभ्याला भोकं असतात. आपला खडा भरीव, हाताला रव्यासारखा कणीदार, आणि लोखंडाचा गंज त्यात चहाच्या डागासारखा पट्ट्यापट्ट्यांनी मुरलेला. शोभेचे दगड बरेचसे रंगवलेली चुनखडी. ओल्या फडक्याने रंग सुटतो, व्हिनेगर टाकलं की फसफसतात. भर उन्हात मी ओणवा होऊन व्हिनेगर शिंपडत होतो. वॉचमन वकार म्हणाला, "साहब, सलाद बना रहे हो?" विवेकराव सावलीतून एक भोकाभोकांचा दगड नाचवत होते, "हाच! यल्ला, आटप!" बाबांचा जीव ज्यात मानायचा तो दगड, आणि म्हणे आटप! आयुष्यात प्रथमच मी ओरडलो. वकारने बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

शेवटी कण्हेरीच्या बुंध्याशी सापडला. फसफसला नाही, रंग सुटला नाही, बोटाला दोन कण लागले. काल दहावा झाला. भटजींनी सांगितल्यावर दगड समुद्रात सोडला.

तुमचा,
स्वरूप

ता.क. विवेकराव पुढच्या महिन्यात रजेवर येताहेत. जांभ्याच्या पायरीवरच बसवा. उशी देऊ नका.

आणखी एक. समुद्रात सोडला तो त्यांचा भोकाभोकांचा. आपला माझ्या खिडकीबाहेर आहे. काल समुद्राच्या पाण्यात उभा राहिलो, पण मूठ उघडेना, म्हणून खिशात राहिलेला त्यांचा सोडला. पुन्हा विधी करायचे तर करीन, आत्ता नको. विवेकरावांना सांगू नका, 'हाच' म्हणाले होते, त्यांचंच खरं होईल. फोनवर एवढंच म्हणा, राहू दे.