तहानलेले ब्लॉक

४ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? राखणदाराच्या खुर्चीवर गप्प बसता, की अजूनही दिसेल त्या भिंतीला ओळंबा लावता? चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस नुसता बसेल, हे मला कुणी सांगू नये.

इथे प्रयोगशाळेत माझी झोप उडाली आहे. आमचं सिमेंट पाण्यावर नाही, कार्बन डायऑक्साइड वायू पिऊन घट्ट होतं, हे तुम्हाला सांगून माझी जीभ झिजली. सगळीकडचे ब्लॉक दगडासारखे निघतात. फक्त तुमच्या कारखान्यातले कडेला भुसभुशीत, तेही तुम्ही लागलात तेव्हापासूनचे. पायगुण म्हणायचा की काय! वीस तारखेला तपासणी आहे. तेव्हाही तसेच निघाले तर माझी सहा वर्षांची मेहनत पाण्यात. तुमच्या काही नजरेस आलं का?

लोभ आहेच, वाढवायला हरकत नाही.
तुमची ठमी


९ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, दुखणं मी कधीच ओळखलंय. ओल्या मालाला पाणी न मारता कोंडून ठेवायचं, ही कुठली रीत? लागल्या दिवसापासून मी पहाटे गुपचूप वायूच्या खोलीत जाऊन झारीने पाणी मारतो. तरी कडा सुटतात, म्हणजे पाणी कमीच पडतंय.

आत कुणी गेलं की दारावरचा भोंगा बोंबलतो म्हणे. बोंबलू दे, मला कुठे ऐकू येतंय! साहेबांना माझ्या कानांचं सांगितलं नाहीस, बरं केलंस. डोकं मात्र जड होतं, धाप लागते. वय झालं. खालची ओळ अंधारात आहे. काडी ओढून वाकलो तर गुडघ्यापाशीच विझते. ओल असेल.

तपासणीपर्यंत सगळे सुट्टीवर, मी एकटाच. शेवटची खेप आत आहे. वाकवत नाही, म्हणून खालची ओळ कोरडीच राहिली. चौदाला स्टूल नेऊन, बसून तिला पाणी घालतो. तुझं नाव खाली पडू देणार नाही.

बापाची माया, घे भरभरून.
बाबा


१२ मार्च

बाबा,

नमस्कार राहू दे. त्या खोलीत पाऊल टाकू नका. तुमच्या पाण्यानेच ब्लॉक बिघडले. बारीक भोकं पाण्याने भरली की वायू आत शिरत नाही. पण खड्ड्यात गेले ब्लॉक! हा वायू जड असतो, जमिनीलगत साचतो. जिथे काडी विझते तिथे श्वासही चालत नाही. तिथे बसलात तर उठणार नाही.

कालपासून फोन लावतेय. साहेबांचा बंद. कारखान्यातला नुसता वाजतोय, आणि तो तुमच्याच टेबलावर आहे. ही नोकरी मिळावी म्हणून तुमचा बहिरेपणा मीच लपवला. माझं चुकलं हो, बाबा. मिळेल त्या गाडीने निघतेय. पत्र आधी पोचेल की मी, कोण जाणे. दाराला कुलूप घाला. तुम्हाला माझी शपथ.

ठमी


१४ मार्च, पहाट

चि. ठमीस,

तुझं पत्र नाही. रुसलीस की कामात बुडालीस? जेवत जा वेळेवर.

टेबलावरच्या फोनचा दिवा तीन दिवस सारखा लुकलुकतोय. कुणाला एवढी घाई? उचलून मी ऐकणार काय, कपाळ! चुकीचा नंबर असेल.

झारी भरून ठेवली आहे, स्टूलही काढलंय. आज खालच्या ओळीला पोटभर पाणी. तू निर्धास्त राहा. आशीर्वाद आणि सही आतून आल्यावर करतो.