नावापुढच्या दोन रेघा

३ जून, सोमवार

दुसऱ्यांचा कोड निस्तरणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, नवं लिहिणाऱ्याला शाबासकी आणि जुनं चालतं ठेवणाऱ्याला शिव्या, हा न्याय आपण किती वर्षं मुकाट सोसायचा? ही रोजनिशी मी कोडच्या शेजारच्याच फाइलमध्ये ठेवतो आहे. माझ्यानंतर इथे बसणाऱ्याने वाचावी.

पण आज तक्रार नाही. नवी नोकरी, खिडकीजवळची जागा आणि शेजारी काका. सगळे त्यांना काकाच म्हणतात. कंपनीतल्या माणसांची नोंद, म्हणजे हजेरी, पगार, दाराचं कार्ड, हे सगळं सांभाळणारी प्रणाली बावीस वर्षं त्यांनी एकहाती चालवली. आता ती माझ्याकडे. अकराच्या ठोक्याला काकूंचा फोन येतो, रक्तदाबाची गोळी घेतलीत का म्हणून. काका आधी हो म्हणतात, मग ड्रॉवर उघडतात.

इथला एक रिवाज आहे. फाइलच्या डोक्यावर जबाबदार माणसाचं नाव असतं. नवा आला की जुन्या नावापुढे दोन तिरप्या रेघा मारायच्या. ओळ राहते, पण यंत्र ती वाचत नाही. खाली आपलं नाव घालायचं. काकांच्या वर अशी चार नावं आहेत. काका म्हणाले, माझं राहू दे की दोन दिवस, कुठे गाडी चुकतेय तुझी. म्हटलं, मला अर्धवट काम बघवत नाही. मी हसत रेघा मारल्या.

४ जून

काका आले नाहीत. त्यांची खुर्चीही नाही. मॅनेजरबाईंना विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, कोण काका? नव्याची फिरकी घेताहेत, दुसरं काय.

६ जून

अकराला फोन वाजला नाही. ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पट्टी तशीच. मीच काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, या घरात मी एकटीच असते. मग त्यांनीच विचारलं, तुम्ही औषधाच्या दुकानातून बोलताय का? घरात कुणाच्या तरी गोळ्या आहेत, कुणाच्या ते कळत नाही.

१० जून

काकांच्या नावापुढच्या रेघा काढल्या. प्रणाली अडली: जबाबदार एकच हवा. ते परत हवे असतील तर रेघा माझ्या नावापुढे. बोट कळीवर ठेवलं. आई आठवली. बोट उचललं. आयुष्यभर न्यायावर भाषणं ठोकणारा मी, आणि—

१३ जून

एकच माणूस पुरे, हे ज्याने लिहून ठेवलं त्याला समोर उभा करून जाब विचारायचाय. ती अट मी मोडली. आता सगळी नावं एकदम जिवंत राहतील. चाचणीत चाललं. पण आपला बदल आपणच मंजूर करायचा नाही, हा नियम. मंजूर करणारा दुसरा माणूस म्हणजे काकाच होते.

बाईंना खरमरीत अर्ज दिला, एवढा भार एकट्यावर टाकणं हा अन्याय आहे. त्या लगेच म्हणाल्या, अगदी बरोबर. सोमवारी नवी मुलगी येतेय. तुम्ही सुटलात.

१७ जून

ती दहाला आली. माझ्याच खुर्चीवर बसली. म्हटलं, आधी माझा बदल मंजूर कर. बाई म्हणाल्या, तो हक्क नाव घातल्यावर मिळतो. म्हटलं, मग माझं राहू दे दोन दिवस.

हसली.

कार्डाने बाहेर जायचं दार उघडत नाही. आईला फोन केला. ती मला तुम्ही म्हणाली. कोण बोलताय तुम्ही, म्हणाली.

पोरी, मी तुझ्या मागेच उभा— तुला ऐकू—

बदल तुझ्याकडे आला असेल. पाठवणाऱ्याचं नाव कोरं दिसेल. कचरा समजून काढू नकोस. काकांच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये— त्या असू देत. तू फक्त एक कर. हिरवं बटण. मंजूर दा