चार बोटं रुंद पान

आगाशी,
२० सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. गिरीज ते आगाशी एवढ्याशा अंतरावर पत्र कसलं, म्हणशील. तू फोन कापतोस म्हणून पत्र. आईचा गुडघा बरा आहे. वाडीतली केळी बरी आलीयेत.

माझी बातमी म्हणजे नोकरी टिकली! मध्यंतरी कोड लिहिताना माझ्या चुका सुटत होत्या. एडिटरमध्ये त्या उजव्या कडेला लाल दिसतात, आणि मला कडाच दिसत नव्हत्या. ऑफिसातला रुडॉल्फ भला माणूस, घरी येऊन त्याने अक्षरं ही एवढाली करून दिली. मी त्याच्यावरच खेकसले. डोळ्यांचं दुखणं म्हटलं की सगळ्यांना मोठं अक्षरच सुचतं. माझं उलट आहे रे. लहानपणी पपईच्या पोकळ देठातून आपण एकमेकांना बघायचो ना, तेवढंच मला दिसतं. त्यात मोठा 'क' घातला की बाकीचा शब्द बाहेर!

मग मीच पदर खोचला. डावीकडची फायलींची यादी बंद. खालचा पट्टा बंद. काळ्यावर पिवळसर अक्षरं, बेताची, ओळींमध्ये मोकळी जागा. फॉन्ट किती बदलले विचारू नकोस. एकात 'घ' आणि 'ध' सारखेच दिसायचे, त्याला हाकललं. ओळ चार बोटांपुढे गेली की खाली मोडते, चूक त्याच ओळीखाली दिसते. सगळं मधोमध. आता हे काम मी सोडणार नाही, कुणी काही म्हणो.

एवढं पाल्हाळ लावलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

हे दुखणं घराण्यातून येतं, असं डॉक्टर म्हणाले. आबा दिवेलागणीनंतर वाडीत पाऊल टाकायचे नाहीत, वाटेतल्या स्टुलाला अडखळायचे. आपण त्यांना वेंधळे म्हणून हसायचो. आणि गणपतीत तुझ्या लेकीने, खुशीने, बाजूने मोदकांचं ताट पुढे केलं, तुझा हात लागून ते उडालं, वर तू पोरीवरच ओरडलास. टेम्पोचा आरसा पुन्हा फुटला, हे वहिनीने सांगितलं. "मला काही झालेलं नाही," म्हणून तू फोन ठेवलास. मीही वर्षभर हेच म्हणत होते, दादा. तू रोज पहाटे अंधारात फुलं घेऊन दादरला निघतोस. मला भीती वाटते. तू पोचल्याचं कळेपर्यंत घास उतरत नाही.

हे पत्र माझ्याच मापाने छापलंय. मधोमध चार बोटांची पट्टी, दोन्ही बाजू कोऱ्या. आईला दाखवलं तर म्हणाली, "किती कागद फुकट घालवलास गं! वाचायला लागावं तोच ओळ संपते." तिला वाचताना त्रास झाला. तुझं काय झालं? पेपरापेक्षा हे सोपं गेलं का? खरं सांग. मला नको सांगूस, स्वतःला सांग.

सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे तुझं नाव लावलंय. मी सोबत येणार. वाटेत हवं तेवढं भांड.

आणि टेम्पोची चावी शोधत घर उलथंपालथं करू नकोस. हे पत्र न्यायला आलेल्या वहिनीने दोन्ही चाव्या आधीच माझ्या हातावर ठेवल्यात. तीही घाबरली आहे, फक्त तुला सांगत नाही.

चाव्या मुठीत धरून वाट बघणारी,
तुझीच हट्टी
अक्षू