पाहुण्यांच्या हस्ते

दि. १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

ती. दादा,

मंजुळेचा नमस्कार. वहिनीचे गुडघे आता बरे असतील. तिला सांग, कुळथाचं पीठ दळून ठेवलं आहे, कोणी मुंबईला निघालं की देते. इकडे थंडी ओसरली. आंब्याला मोहोर बरा आहे. सार्थकला माझा पापा. आणखी खुशाली लिहायची म्हणून लिहीत बसले तर आजचा दिवस जाईल आणि मूळ गोष्ट राहून जाईल, म्हणून खुशाली इथेच संपवते.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. स्पीकर लावतोस, शेजारी वाडीच्या मुंबई मंडळाची चार माणसं बसलेली असतात, आणि मी तोंड उघडलं की "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर दोन ओळी वाचून अंगठा पाठवतोस. हे पत्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल, कारण यातच तुझा कागद परत पाठवते आहे.

रविवारी रितेश तो कागद घेऊन आला. मंडळाचा चिटणीस म्हणून मी त्याला चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर त्याने कागद बाहेर काढला. आधी काढला असता तर चहा मिळाला नसता. वर मंडळाचं नाव, खाली छापलेलं, "दिनांक २६ जानेवारी रोजी अंगणवाडीतील बालकांना मंडळातर्फे हेल्मेटचे वाटप करण्यात आले व त्यांच्या वापराविषयी पालकांना सूचना देण्यात आल्या." त्याखाली अंगणवाडी सेविका म्हणून माझी सही, मग पालकांच्या सह्या. सेजलच्या आईच्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. म्हणजे ती सही सगळ्यांत आधी घ्यायची.

दादा, तुला लाज कशी वाटली नाही?

२६ जानेवारीला कसलंही वाटप झालं नाही. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी दिली, आणि तुझे प्रमुख पाहुणे आले नाहीत. मी आणि मदतनीस मिळून काढलेली रांगोळी कोंबड्यांनी उधळली. त्या दिवसाचं एवढंच सांगण्यासारखं आहे.

तू विसरला असशील तर पहिल्यापासून सांगते. दिवाळीनंतर मंडळाने टेम्पो पाठवला. त्यात पायाने ढकलायच्या आठ स्कूटर होत्या, पुढे दोन चाकं नि मागे एक, आणि एका खोक्यात आठ लहान हेल्मेट. स्कूटर देताय तर डोक्याचंही काहीतरी द्या, हे मीच तुला सांगितलं होतं. शाळेपासून देवळापर्यंतचा सिमेंटचा रस्ता कसा घसरत खाली गेलाय, ते तू पाहिलं आहेस. तू माझं ऐकलंस, तेव्हा मला तुझा अभिमान वाटला. चार बायकांना मी ते सांगितलंही.

मग तुझा फोन आला. "मंजे, हेल्मेटाच्या पिशव्या फोडू नको हां. वाटप पाव्हन्यांच्या हस्ते करायचं हाय. एकेका पोराच्या डोस्क्यावर ते सोता घालतील, तसा फोटो काढू." मी विचारलं, आणि स्कूटर? "त्या काय, खेळू दे पोरांना. ग्रुपवर फोटो टाक दोन-चार." म्हणजे चाकं आजपासून आणि टोपी पाहुण्यांना सवड होईल तेव्हा. मी हेल्मेटचं खोकं लोखंडी कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. पाहुणे २६ जानेवारीला येणार होते, ते नऊ फेब्रुवारीवर गेले. आता म्हणे शिमग्याला, सगळे मुंबईकर वाडीत असतील तेव्हा.

मधल्या मंगळवारी, चार तारखेला, सेजल पडली.

साडेअकरा वाजले होते. मदतनीस खिचडीकडे होती. मी हजेरीचा फोटो मोबाईलवरून वर पाठवत होते, आणि अंगणवाडीपाशी रेंज फक्त बांधावरच्या फणसाखाली मिळते, म्हणून तिकडे उभी होते. चार वर्षांची पोर, स्कूटरला दोन पाय मारले आणि उताराला लागली. वळणावर तिला वळता आलं नाही. गटाराच्या काठावर डोकं आपटलं. आवाज मी ऐकला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही.

तिच्या बापाची, सुनीलची, सकाळपाळी होती, तो एमआयडीसीतून परस्पर महाडच्या दवाखान्यात आला. कवटीला तडा, आठ टाके, दहा दिवस तिथे. चौदा तारखेला घरी आणली. तू फोनवर विचारलंस, "बरी झाली ना पोर?" मी हो म्हणाले, कारण तुझा स्पीकर चालू होता.

ती दवाखान्यात असतानाच तू मोबाईलवरून वाडीची बैठक घेतलीस. देवळात सगळे फोनभोवती बसले आणि कितव्या वर्षापासून पोराला हेल्मेट घालायचं, यावर मोठ्या माणसांनी तासभर चर्चा केली. तू म्हणालास, "अंगणवाडीच्या पोराला कसलं हेल्मेट? ती खेळणी हायत, गाड्या नव्हं. पयलीत गेल्यावर बघू." कोणी म्हणालं, पट्टा टोचतो, पोरं ठेवत नाहीत. कोणी म्हणालं, आम्ही टायर पळवत वाढलो, मेलो काय? ठमाबाई, जिने या वाडीतल्या निम्म्या पोरांना न्हाऊमाखू घातलं, ती म्हणाली, "टाळू भरली ना पोराची? मंग डोस्कं घट झालं. आता त्याला काय होतंय."

मला तिथे हसावं की रडावं कळेना. टाळू भरेपर्यंत आपण पोराच्या डोक्याला वारा लागू देत नाही. तेलाचा बोळा, टोपडं, कुंची, वर आजीचा पदर. टाळू भरली की त्याच डोक्याचं कोणाला काही पडलेलं नसतं, आणि त्याच वयात आपण त्याच्या पायाखाली चाकं देतो. हे मी बैठकीत बोलायला उठले, तर तू म्हणालास, "मंजे, तू बस." मी बसले. पन्नाशी उलटली माझी, आणि तू बस म्हटलंस की मी अजून बसते.

सुनीलने तेवढ्यात फोनजवळ येऊन विचारलं, "टोप्या आल्या व्हत्या ना काका? मंग माज्या पोरीच्या डोस्क्यावर का नव्हती?" लगेच रेंज गेली. तुझ्याकडची गेली की तू घालवलीस, ते तुझं तुला माहीत. त्याच सुनीलला मी डिसेंबरात हटकलं होतं. मोटरसायकलच्या हँडलला हेल्मेट अडकवून घाट उतरायचा आणि कंपनीच्या गेटाशी डोक्यावर घ्यायचा, का तर तिथे आत सोडत नाहीत. तेव्हा तो हसला होता. आता घरातूनच घालून निघतो आणि कोणाशी बोलत नाही.

तर त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तू हा कागद छापून आणलास. टोपी दिली होती, आईला सांगितलं होतं, पोरीने काढून टाकली. पाहुण्यांचं नाव राहिलं, मंडळाचं राहिलं, तुझं राहिलं. उरली समीक्षा, सेजलची आई. तिने जन्मभर समजायचं की तिच्या पोरीची चूक झाली आणि तिचं स्वतःचं लक्ष नव्हतं. रितेश मला निघताना सांगून गेला, "बाई, तुमची नोकरी कोनाच्या शब्दानं लागली ते इसरू नका." विसरले नाही. हे गेल्यावर तू मला गाडी करून इथे आणलंस, राहतं घर दिलंस, चार ठिकाणी शब्द टाकलास. सोळा वर्षं मी त्याची जाण ठेवली. खरं तर त्या जाणिवेनेच हे सगळं झालं आहे.

आता जे मी टाळत आले ते लिहिते. दोन पानं तुला शिव्या घालून झाल्या, आता माझी पाळी.

किल्ली माझ्याकडे होती. कपाट बंद होतं, कपाट बंद होतं, असं मी पंधरा दिवस सगळ्यांना सांगते आहे, जसं काही ते आपणहून बंद झालं होतं. किल्ली माझ्या कमरेला होती.

आणि एकदा ते उघडलंही होतं. नाताळच्या सुट्टीत तू सार्थकला घेऊन आलास. नातू तुझा, पाच वर्षांचा. त्याने स्कूटर बघितली आणि तिच्यावर चढला. तू ओट्यावरून ओरडलास, "मंजे, त्याला टोपी घाल गो आधी. मुंबईचं पोर, उताराची सवय नाय त्याला." मी धावत जाऊन कपाट उघडलं. एक पिशवी कात्रीने कापली, हेल्मेट त्याच्या डोक्यावर बसवलं, पट्टा हनुवटीखाली बोट जाईल इतका ओढला. तू शाबासकी दिलीस. तो दोन दिवस खेळला. तुम्ही गेल्यावर मी ते पुसलं, पिशवीत घातलं, चिकटपट्टी लावली आणि पाहुण्यांसाठी परत ठेवून दिलं. त्या वेळी तिथे सेजल उभी होती. तिने सगळं बघितलं.

तेव्हा तुला वय आठवलं नाही, दादा. पहिलीत गेल्यावर बघू, असं तू तेव्हा म्हणाला नाहीस. कोणत्या पोराच्या डोक्यावर कधीपासून टोपी हवी, हे तुलाही बरोबर ठाऊक होतं आणि मलाही. चाकावर पाय ठेवल्यापासून. फक्त ते आपल्या पोराला लागू होतं.

चार तारखेला सकाळी सेजल माझ्या पदराला धरून म्हणाली, "बाई, मला सार्थकची टोपी द्या ना." वाडीत एवढी माणसं बैठकीला बसली, त्यांतल्या एकालाही जे सुचलं नाही ते त्या पोरीने मागितलं होतं. मी काय म्हणाले? "पाव्हने आल्यावर गो, बाय. नवीन राहायला हवी ती." असं म्हणाले आणि रेंज शोधायला फणसाखाली गेले.

रविवारी रितेश माझ्याकडून थेट समीक्षाकडे गेला. सही त्याला मिळाली नाही, कारण ती म्हणाली, बाईंना विचारून करते. संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. तिला फार वाचता येत नाही, कागद माझ्यापुढे धरला. म्हणाली, "बाई, तुमी घातलेली ना तिला टोपी? मंग हिनंच काढली आसंल. लय वांड हाय. तुमी सांगाल तिथं सही करते." नाही म्हणाले नाही, हो म्हणाले नाही. ठेव तो कागद, उद्या सांगते, एवढंच म्हणाले. मी सेजलला हाक मारली, तर ती भलतीकडेच बघत राहिली.

त्या उद्याचा काल झाला. सकाळी आधी कपाट उघडलं आणि सगळ्या पिशव्या कापल्या. आता हेल्मेट स्कूटरच्या हँडलला टांगलेली असतात, ती डोक्यावर आल्याशिवाय स्कूटर दाराबाहेर जात नाही, तीन वर्षांच्या पोराचीसुद्धा नाही. पट्टा टोचून एक जण रडला, रडू दे. सुपरवायझर बाईंना घडलं तसं लिहून दिलं, किल्लीसकट. नोकरी जायची असेल तर जाईल. मग संध्याकाळी समीक्षाकडे गेले.

ती भाकऱ्या थापत होती. मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. तुझा फोन, कपाट, सार्थक, सेजलने काय मागितलं आणि मी काय म्हणाले. तिने तवा उतरवला. मला वाटलं शिव्या देईल, त्या घ्यायलाच मी गेले होते. तिने विचारलं, "ती टोपी आनली हाय काय?" मी पिशवीतून काढून दिली. सार्थकचीच. तिने ती उलटीपालटी करून बघितली, सेजलला लावून बघितली नाही, दारामागच्या खुंटीला अडकवली.

"शिमग्याला तुमचं पाव्हनं येनार ना?" ती म्हणाली. "येऊ दे. पयली माजी पोर उभी करीन. तवर केस आल्यालं नसतील, टाकं दिसतील. त्यांच्याच हातानं घालू दे हिला. नि तुमच्या भावाला सांगा, फोटो नीट काढ म्हनावं."

मग तिने तवा परत चुलीवर ठेवला. मी निघाले तरी तिने वर बघितलं नाही.

ती बोलली तसं करील. तिला अडवायला मी जाणार नाही, आणि मंडळातल्या कोणी गेलं तर दारात मी उभी असेन. तुझा कागद सोबत आहे, एकाही सहीविना. तुला काही करायचं असेल तर शिमग्याची वाट बघू नको. पाहुणे, रितेश, कोणाला आणू नको. एकटा ये, आणि आधी सुनीलच्या घरी जा, मग माझ्याकडे. सेजलशी बोलशील तेव्हा तिच्या उजव्या बाजूला बस. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

किल्ली जिच्या कमरेला होती ती,
तुझी बहीण
मंजुळा